डोक्याला मार लागलाय, झोपू द्यायचं का?

गणपती आठ दिवसांवर आले होते. सदाशिव पेठेतले माझे काका, वय ७१, माळ्यावरचं मखर काढायला स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. कानाच्या वर टेंगूळ आलं, जरासं खरचटलं. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले, मग स्वतःच उठून बसले. दुपारचे साडेबारा वाजले होते. जेवले आणि रोजच्याप्रमाणे वामकुक्षीला निघाले, तोच सगळ्या घराने त्यांना अडवलं. शेजारच्या मावशी धावत आल्या. "झोपू देऊ नका हो त्यांना! डोक्याला मार लागल्यावर झोपला तो उठत नाही."

मग काकांना आरामखुर्चीत बसवलं. तीनदा चहा पाजला, टीव्ही मोठ्याने लावला, डोळा लागला की गालावर थापट्या मारल्या. काकूंचा मला फोन आला तो पाच वाजता. "अगं, चिडचिड करतायत, डोकं दुखतंय म्हणतात, बोलणंही जरा जड वाटतंय. आता झोपू देऊ का?"

मी विचारलं, "अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या अजून चालू आहेत ना?"

"हो, दोन्ही."

"मग झोपेचं नंतर बघू. आधी १०८ ला फोन करा."

सीटी स्कॅन स्वच्छ निघाला. काका फक्त दमले होते. ७१ वर्षांच्या माणसाची दुपारची झोप मोडून त्याला साडेचार तास ताटकळत ठेवलं की तो चिडतो, त्याचं डोकं दुखतं, जीभ जड होते. पण डोक्यात रक्तस्राव सुरू झाला तरी दिसणार नेमकं हेच. या दोन्हींतला फरक मला फोनवरून ओळखता येणं शक्य नव्हतं, आणि घरातल्यांनाही तो ओळखता येत नव्हता. त्यातही वाईट म्हणजे, "आम्ही त्यांना जागं ठेवलंय ना" या समाधानात हॉस्पिटलला जायचं राहूनच गेलं होतं.

मी डॉक्टर नाही. सोसायट्यांमधून आणि शाळांमधून प्रथमोपचाराचे वर्ग घेते. प्रत्येक वर्गात हा प्रश्न येतोच, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

झोपेने माणूस दगावतो का?

नाही. झोपल्यामुळे मेंदूतला रक्तस्राव वाढत नाही आणि जागं ठेवल्याने थांबत नाही. पण ही समजूत आली कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तिच्या मुळाशी खरी भीती आहे.

कानशिलाचं हाड कवटीच्या इतर भागांपेक्षा पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे जोराचा मार बसून हाडाला तडा गेला, तर ती धमनी फाटू शकते. रक्त हाड आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये साचत जातं. कवटी म्हणजे बंद डबा, रक्ताला बाहेर जायला वाट नाही, म्हणून दाब मेंदूवर येतो. हे घडायला थोडा वेळ लागतो. पडल्यावर माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन अगदी व्यवस्थित बोलतो, चहा पितो, "काही नाही झालं मला" म्हणतो. काही मिनिटांनी किंवा काही तासांनी तो पुन्हा ढासळतो. मधल्या त्या फसव्या वेळात तो झोपला, तर घरच्यांना वाटतं गाढ झोप लागलीय. सकाळी तो उठत नाही, आणि दोष झोपेला जातो.

२००९ च्या मार्चमध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या क्वेबेकमध्ये स्की शिकताना पडली. बोलत होती, हसत होती, बोलावलेली रुग्णवाहिकाही परत पाठवली गेली. साधारण तासाभराने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. कारण हाच रक्तस्राव. त्या सुरुवातीच्या तासात ती झोपलेली नव्हती, चांगली जागी होती. जागं असण्याने तिला काहीच उपयोग झाला नाही. उपयोग झाला असता तो वेळेवर स्कॅन आणि शस्त्रक्रियेचा.

तेव्हा झोपेचा धोका एवढाच की बिघाड तिच्याआड लपतो. आणि म्हणून काम आहे ते पाळत ठेवण्याचं.

पहिली दहा मिनिटं

पहिलं काम घड्याळ बघायचं. किती वाजता पडला, हे कुठेतरी लिहा, मोबाइलमध्ये, हातावर, कुठेही. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न हाच असतो आणि "मघाशी" हे त्याचं उत्तर नाही.

माणूस बोलत असेल तर जिथे आहे तिथेच बसू द्या किंवा आडवं होऊ द्या. ओढून उभं करू नका. मान दुखतेय का, हातापायांना मुंग्या आहेत का, विचारा. हो म्हणाला तर मान हलवू नका, त्यालाही हलवू देऊ नका, १०८ येईपर्यंत डोकं दोन्ही बाजूंनी हाताने स्थिर धरा.

डोक्याला खोक पडली असेल तर रक्त पाहून घाबरायला होतं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या खूप, त्यामुळे लहानशा खोकेतूनही टॉवेल भिजतो. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून "थांबलं का?" बघायचं नाही. हाताला हाड खचल्यासारखं लागलं तर मात्र त्यावर दाब नको, नुसतं कापड ठेवा. हळद किंवा कॉफी पावडर भरू नका, डॉक्टरांना टाके घालण्याआधी ती सगळी काढत बसावी लागते. टेंगळावर फडक्यात गुंडाळून बर्फ धरायला हरकत नाही. "टेंगूळ आलं म्हणजे मार बाहेर आला, आता आत काही नाही" हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यात तथ्य नाही. टेंगूळ कातडीखालचं, त्यावरून आत काही नाही असं ठरत नाही.

बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून, कुशीवर वळवा. उलटी झाली तर ती घशात जाणार नाही. (वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवरचीच झोप, एवढ्यापुरतं काकांचं बरोबर होतं.) श्वास नसेल किंवा माणूस नुसत्या आचक्या देत असेल तर सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, सुरू करा. तोंडात पाणी, चहा, साखर, काहीही घालू नका. फिट आली तर कांदा, चप्पल, हातात किल्ल्या यातलं काही करू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला सारा, फिट किती वेळ चालली ते घड्याळावर बघा आणि ती थांबली की कुशीवर करा.

रस्त्यावरचा अपघात असेल तर एक भर. नवले पुलावर असो की घराजवळच्या चौकात, पडलेल्या दुचाकीस्वाराचं हेल्मेट खेचून काढायची घाई लोकांना फार असते. श्वासाला अडथळा नसेल तर काच वर करा आणि हेल्मेट राहू द्या. श्वास अडत असेल किंवा आत उलटी झाली असेल तरच काढा, तेही दोघांनी: एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट बाजूंनी किंचित फाकवत सरळ ओढायचं. आणि जखमीला हातपाय धरून रिक्षात कोंबू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, २०१४ पासून राज्यभर चालते, ११२ लावलात तरी मदत मिळते. "पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार" ही भीती खरी, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

आता ठरवायचं: १०८, आज दवाखाना, की घरीच?

खालीलपैकी एकही दिसलं तर थेट रुग्णवाहिका. "जरा वेळ बघू" नाही.

– शुद्ध हरपली आणि परत आली नाही, किंवा आली आणि पुन्हा ग्लानी येऊ लागली
– एकापेक्षा जास्त उलट्या
– फिट
– डोकेदुखी कमी न होता वाढतच चाललीय
– तेच तेच प्रश्न विचारतोय, माणसं ओळखत नाही, असंबद्ध बोलतोय
– एका बाजूचा हात किंवा पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय
– नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखं पातळ
– कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, तिथे मार लागलेला नसताना
– एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी

शेवटच्या खुणेवर विसंबू नका. मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारून बाहुल्या बघायची हौस वर्गात सगळ्यांना असते, पण बाहुली मोठी होते ती बिघाड बराच पुढे गेल्यावर. शिवाय मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांच्या बाहुल्या एरवीही सारख्या नसू शकतात. बाहुल्या सारख्या आहेत म्हणून निर्धास्त होणं सगळ्यात घातक.

दुसरा गट: यांच्यात वरचं एकही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. वय ६५ च्या पुढे. वॉर्फरिन, अॅसिट्रॉम, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू. क्षणभर का होईना बेशुद्ध पडला होता. पडण्याआधीचं किंवा नंतरचं काही आठवत नाही. गाडीने उडवलं, किंवा तीन फुटांहून किंवा पाच पायऱ्यांवरून खाली आला. पर्वतीच्या पायऱ्यांवरून घसरलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी तो याच गटात. आणि दारू प्यायलेला. "चढलीय त्याला, झोपू दे" म्हणत खोलीत टाकून दिलेली माणसं सकाळपर्यंत हाताबाहेर गेलेली असतात. दारू आणि डोक्याचा मार यांतला फरक घरी बसून कळत नाही, म्हणून दारू प्यायलेल्याला मार लागला तर मारच गंभीर धरायचा.

काका या गटात वय आणि गोळ्या अशा दोन कारणांनी बसत होते. साडेबारालाच निघायला हवं होतं.

कुठे जायचं? जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालतो आणि न्यूरोसर्जन मिळू शकतो तिथे. पुणे शहरात ससून, पिंपरीकडे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, शिवाय मोठी खासगी रुग्णालयं. खासगीत जाणार असाल तर निघतानाच फोन करून "आत्ता सीटी होईल का?" एवढं विचारा. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये नुसता डोक्याचा एक्स-रे काढून समाधान मानू नका. त्यात फार तर हाडाचा तडा दिसतो, आतलं रक्त दिसत नाही. अपघाताची केस म्हणून आधी कागदपत्रं मागितली, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणारे उपचार आधी, बाकी सोपस्कार नंतर.

प्रत्येकाला सीटी लागतोच असं नाही. तिशीतला धडधाकट माणूस कपाटाच्या दारावर आपटला, शुद्ध गेली नाही, उलटी नाही, तर डॉक्टर तपासून घरी पाठवतात. लहान मुलांच्या बाबतीत तर किरणोत्सर्गामुळे डॉक्टर मुद्दामच हात राखून असतात. "स्कॅन का नाही काढला?" म्हणून त्यांच्याशी भांडू नका.

रात्र कशी काढायची

तपासून घरी पाठवलं, किंवा मार खरोखरच किरकोळ होता. आता झोपू द्यायचं का? हो. झोपू द्या. मार बसलेल्या मेंदूला विश्रांती लागतेच. फक्त पहिले २४ तास एकटं ठेवू नका, आणि रात्री त्याच खोलीत कुणीतरी झोपा. पुण्यात पीजीवर राहणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात ठेवा: रूममेटला सांगा, नाहीतर एक रात्र नातेवाइकांकडे जा.

रात्री उठवून बघायचं की नाही, ते डॉक्टरांना निघतानाच विचारून घ्या. काही डॉक्टर गरज नाही म्हणतात, काही पहिल्या रात्री दर दोन तासांनी सांगतात. काकांसाठी दोन तासांनी सांगितलं होतं. काकूंनी दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. ती वही मी पाहिलीय:

"११.०० झोपले.
१.०० हाक मारली, उठले. मला ओळखलं. वार बरोबर सांगितला. पाणी मागितलं.
३.०० दोनदा हाक मारावी लागली. म्हणाले, 'तुला झोप नाही तर मला तरी झोपू दे.' दोन्ही हातांनी पांघरूण ओढून घेतलं.
५.०० स्वतःच उठले. बाथरूमला सरळ चालत गेले."

याहून चांगली नोंद नर्सही लिहिणार नाही. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी बेशुद्धी मोजायची पद्धत बसवली. ती आजही जगभर चालते आणि तिच्यात तीनच गोष्टी बघतात: डोळे कधी उघडतो, बोलतो काय, हालचाल कशी करतो. पूर्ण गुण १५. काकूंना हे काही माहीत नव्हतं, पण तीन वाजताच्या नोंदीत तिन्ही गोष्टी आल्यात. हाकेला डोळे उघडले, नवऱ्याला शोभेलसं टोमणेवजा वाक्य पूर्ण बोलले, आणि दोन्ही हात सारखे चालले.

उठवायचं ते असं. आधी नावाने हाक. नाही उठला तर खांद्याला हलवून. डोळे उघडले की असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर नुसतं "हं" देऊन सुटणार नाही. "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न कुचकामी. "रात्री भाजी कसली होती?", "आपण कुठल्या दवाखान्यात गेलो होतो?" असं विचारा. दोन्ही हातांनी माझी बोटं दाब म्हणा, दोन्हींत जोर सारखा आहे का बघा. झालं, झोपू द्या. ट्यूबलाइट लावून अर्धा तास गप्पा मारायची गरज नाही.

उठवूनही उठत नसेल, किंवा नुसता हुंकार देऊन पुन्हा डोळे मिटत असेल, तर १०८.

एका आवाजाकडे मात्र मुद्दाम लक्ष द्या. "घोरतोय, म्हणजे निवांत झोपलाय" हे वाक्य मी फार ऐकलंय. जो एरवी घोरत नाही तो आज मोठ्याने घोरायला लागला, किंवा श्वासात घरघर आली, किंवा श्वास अडखळत चालतोय, तर ती निवांत झोप नसून शुद्ध हरपत चालल्याची खूण असू शकते. लगेच उठवून बघा.

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, अॅस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, रक्त न गोठण्याकडे त्यांचा कल. झोपेची गोळी, गुंगी आणणारी सर्दीची गोळी, दारू, यांतलं काही नाही, नाहीतर गुंगी गोळीची की मेंदूची, हे कळायचं कसं? हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, पुढचा डोस घ्यायचा की नाही ते त्याच दिवशी विचारा.

मुलं

मूल पलंगावरून पडतं, भोकाड पसरतं, रडून रडून दमतं आणि आईच्या खांद्यावर झोपून जातं. यात विपरीत काही नाही, रडून थकलेलं मूल झोपणारच. रडता रडता एखादी उलटी होणंही बऱ्याचदा दिसतं. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, तासाभराने हलवून बघा: रोजच्यासारखं कुरकुरतं का, कूस बदलतं का, दूध मागतं का.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाबद्दल हात आखडता घेऊ नका. कपाळावरचं टेंगूळ त्यातल्या त्यात कमी काळजीचं, कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला आलेलं मऊ टेंगूळ जास्त. टाळू फुगलेली दिसली, बाळ पीत नसेल, रडणं नेहमीपेक्षा चिरकं वाटलं, किंवा आईला "आज हा वेगळाच वागतोय" असं वाटलं, तरी नेऊन दाखवा. आईला वाटणं हे लक्षण बालरोगतज्ज्ञही मोजतात.

दुसऱ्या दिवसापासून

पहिले एक-दोन दिवस शांतपणे काढायचे. मोबाइल आणि टीव्ही कमी. मग हळूहळू नेहमीची कामं, आणि एखाद्या कामाने डोकं दुखू लागलं की एक पायरी मागे. दुचाकी किमान २४ तास नाही, चक्कर असेल तर ती जाईपर्यंत नाही. शाळेतल्या मुलाला क्रिकेट, कबड्डी, दहीहंडीचे थर हे सगळं पूर्ण बरं वाटेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो अनेकपटींनी महागात पडू शकतो. थोडी डोकेदुखी, विसरभोळेपणा, प्रकाशाचा त्रास काही दिवस राहतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो.

वयस्कर माणसांचं मात्र २४ तासांत संपत नाही. वयाप्रमाणे मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरांवर ताण येतो. साध्या धक्क्यानेही त्यातली एखादी फाटते आणि रक्त थेंब थेंब साचतं. दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन-अडीच महिन्यांनीही, चाल मंदावते, पाय घासटतात, शब्द सापडत नाहीत, दिवसाही झोप येत राहते. तोवर ते पडणं सगळे विसरलेले असतात आणि घरात "आता वय झालं" एवढंच म्हटलं जातं. वेळेत लक्षात आलं तर कवटीला लहान छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि बरेच जण पूर्ववत चालू लागतात.

म्हणून काकूंना मी कॅलेंडरवर पुढचे तीन महिने दर रविवारी एक टिंब करायला सांगितलं. त्या दिवशी काकांना शनिपारापर्यंत चालत न्यायचं आणि पाऊल नेहमीसारखं पडतंय का बघायचं. दिवाळी झाली, नऊ टिंबं झाली. काका काकूंच्या पुढे चालतात आणि मखर आता पुतण्या काढतो.